रयतेची शाळा आणि मुलांचे दुकान

नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याने निघाले, की अर्धापूर लागते. इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी या भागात आले आणि केळीच्या बागा पसरल्या. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी केळीचे घड ट्रकमध्ये भरताना पाहिले असतील. काहींच्या घरी केळीची बाग असेल, काहींचे वडील मजुरीला जात असतील, तर काहींचे भाऊ हातगाडीवर फळे विकत असतील. बाग एकाच्या मालकीची, घड तोडणारा दुसरा, भाव ठरवणारा तिसरा आणि दूरच्या शहरात डझनावर विकणारा चौथा. यात सर्वांत कमी कोणाला मिळते, हे तुम्हांला सांगायला नको. पीक उत्तम आले तरी ते विकायचे कसे, वजन कसे तपासायचे, हिशेब कसा लिहायचा, हे ज्याला येत नाही त्याचे नुकसान होते.

ही विद्या शाळेत शिकवता येईल का? आता अनेक शाळांत वर्षातून एकदा आनंदनगरी भरते. मुले भेळ, सरबत, समोसे विकायला बसतात. गिऱ्हाइकाला हाका मारतात. संध्याकाळी नाणी मोजतात आणि नफा झाला की खूश होतात. तो एक दिवसाचा खेळ असतो. पण पूर्वी सातारा शहरात एक असे वसतिगृह होते, जिथे हा खेळ वर्षभर चाले आणि तो खेळ नव्हता. त्यावर शंभर मुलांचे जेवण आणि शिक्षण अवलंबून असे. ते वसतिगृह चालवणाऱ्या माणसाचे नाव भाऊराव पाटील. लोक त्यांना कर्मवीर म्हणत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव पायगोंडा आणि आईचे नाव गंगाबाई. घराणे जैन शेतकऱ्याचे. मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील सरकारी नोकरीत असल्यामुळे त्यांची बदली होई आणि भाऊरावांची शाळाही बदले. ते विटा येथे असतानाची एक गोष्ट सांगतात. तेथील एका विहिरीवर अस्पृश्य मानलेल्या लोकांना पाणी भरू देत नसत. उन्हात बायका तासन् तास उभ्या राहत आणि कोणी दया करून ओतले तर पाणी नेत. लहानग्या भाऊरावाला हे सहन झाले नाही. त्याने त्या विहिरीचा रहाट मोडून टाकला. मुलगा हट्टी होता, आणि हा हट्ट त्याच्यात शेवटपर्यंत राहिला.

पुढे ते कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये शिकायला गेले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर राजर्षी शाहू महाराज होते. महाराजांनी निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली होती. त्यांत मुसलमान मुलांसाठीही एक बोर्डिंग होते. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाने वसतिगृह सुरू झाले, तेव्हा भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर आंघोळ करून मगच आत यावे, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी नकार दिला. त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांनी त्यांना आपल्याकडे आश्रय दिला. शाळेच्या परीक्षांत मात्र भाऊरावांनी फार मोठे यश मिळवले नाही. मॅट्रिकच्या आधीच त्यांचे शिक्षण थांबले. ज्यांच्या नावाने आज महाविद्यालये आहेत, ते स्वतः मॅट्रिकही झालेले नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९१४ साली त्यांच्यावर एक मोठे संकट आले. कोल्हापुरात एका पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे या विद्वान गृहस्थांना अडकवण्याचा प्रयत्न झाला. लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी भाऊरावांना धरले. त्यांना तुरुंगात टाकले, मारहाण केली. साक्ष दिली असती तर ते लगेच सुटले असते. पण ती साक्ष खोटी होती आणि भाऊरावांनी ती दिली नाही.

व्यापारात पत नावाची एक गोष्ट असते. पत म्हणजे लोकांचा विश्वास. ज्याची पत आहे त्याला खिशात पैसे नसतानाही दुकानदार पोते भरून धान्य देतो. ज्याची पत नाही त्याला रोख पैसे घेऊनही लोक दोनदा तपासतात. भाऊरावांची पत या तुरुंगात तयार झाली असे म्हटले तर चूक होणार नाही. पुढे आयुष्यभर त्यांनी याच पतीवर शाळा चालवल्या.

तुरुंगातून सुटल्यावर पोट भरण्यासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. शिकवण्या चांगल्या चालत होत्या, पण एका जागी बसणे भाऊरावांच्या स्वभावात नव्हते. ते फिरते विक्रेते झाले. साताऱ्याजवळ कऱ्हाडच्या बाजूला ओगले बंधूंचा काचेचा कारखाना होता. त्या कारखान्याचा माल त्यांनी विकला. किर्लोस्करवाडीला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना होता. तेथे तयार होणारे लोखंडी नांगरही त्यांनी गावोगाव विकले.

हे काम किती अवघड होते याची आज कल्पना येणार नाही. त्या वेळचा शेतकरी लाकडी नांगर वापरत असे. लोखंड जमिनीत घातले तर जमीन विषारी होते, अशी समजूत होती. किर्लोस्करांचे सुरुवातीचे सहा नांगर विकायला दोन वर्षे लागली असे सांगतात. अशा शेतकऱ्याला नांगर विकायचा म्हणजे नुसते गोड बोलून भागत नाही. त्याच्या बांधावर जावे लागते. त्याची जमीन काळी आहे की मुरमाड, त्याच्याकडे बैल किती, त्याच्यावर सावकाराचे कर्ज किती, हे समजून घ्यावे लागते. नांगर त्याच्याच शेतात चालवून दाखवावा लागतो. आणि एवढे करूनही तो नाही म्हणाला, तर रागावून चालत नाही. पुढच्या हंगामात पुन्हा जावे लागते. विकणाऱ्याचे पहिले काम ऐकण्याचे असते, बोलण्याचे नंतर.

भाऊराव बैलगाडीने, पायी, मिळेल त्या वाहनाने खेड्यापाड्यांत हिंडले. नांगर विकताना त्यांना शेतकऱ्याची घरे दिसली. नांगराची किंमत ज्याला वाचता येत नाही, कर्जाच्या कागदावर जो अंगठा उठवतो, त्याच्या हातात चांगले अवजार दिले तरी त्याचे फारसे भले होत नाही, हे त्यांनी पाहिले. अवजार विकून दलाली मिळत होती. पण त्यांच्या मनात दुसराच विचार घोळू लागला. साताऱ्याचे धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांनी भाग घेतला. नंतर मतभेद झाले आणि ते तेथून बाहेर पडले. त्यानंतर त्यांनी स्वतःसाठी कधी व्यापार केला नाही. विक्रेत्याची सगळी हुशारी मात्र त्यांनी जपून ठेवली आणि ती शाळेसाठी वापरली.

शाळेचे वेड त्यांना आधीपासूनच होते. १९१० च्या सुमारास त्यांनी मित्रांबरोबर दुधगाव येथे एक विद्यार्थी आश्रम काढला होता. या आश्रमात सर्व जातींची मुले एकत्र राहत. त्यासाठी पैसा कोठून आणायचा? गावात रोख पैसा नव्हता, पण धान्य होते. घरातील बाईने रोज दळण दळताना एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि ते आश्रमाला द्यायचे, असे ठरले. याला मुष्टिफंड म्हणत. एका मुठीने कोणाचे घर उपाशी राहत नाही. पण गावात दोनशे घरे असली, की रोज दोनशे मुठी होतात. गिऱ्हाइकाला जेवढे झेपेल तेवढेच मागावे आणि ते वारंवार मागावे, हे उत्तम विक्रेत्याला माहीत असते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. या नावाकडे जरा पाहा. रयत हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत तुम्ही रिआया म्हणता, तो याच घरातला. शेतात राबणारी, कर भरणारी सामान्य प्रजा म्हणजे रयत. मराठीत असे कितीतरी शब्द अरबी-फारसीतून आले आणि इथलेच होऊन गेले. दुकान, बाजार, नफा, जमा, खर्च, हिशेब, रक्कम, वसूल, दलाल. खेड्यातील मराठी दुकानदाराच्या वहीचे पान उघडले तर त्यातले अर्धे शब्द तुम्हांला घरचेच वाटतील. भाऊरावांनी संस्थेला एखादे जड नाव दिले नाही. ज्यांच्यासाठी ती होती, त्यांचेच नाव दिले.

१९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सुरुवातीला मुले मोजकीच होती. मराठा, जैन, मुसलमान, दलित अशी सगळी मुले एका घरात राहत, एका चुलीवरचे जेवत आणि एका पंगतीला बसत. त्या काळी ही फार धाडसाची गोष्ट होती. शहरात नावे ठेवणारे पुष्कळ होते. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र जेवताना पाहून गांधीजींना फार आनंद झाला.

मुलांचा स्वयंपाक भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाहत. त्या सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या होत्या. नवऱ्याने आणलेल्या नाना जातींच्या मुलांना प्रथम त्यांनी कसे स्वीकारले असेल, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. पण स्वीकारले, आणि आईसारखे सांभाळले. भाऊराव वर्गणीसाठी परगावी गेलेले असत आणि इकडे कोठीतले धान्य संपलेले असे. अशा वेळी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना विकला. शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या. भाऊरावांचे चरित्र सांगताना या बाईंची गोष्ट दोन ओळींत उरकतात. संस्थेचे पहिले भांडवल त्यांच्या अंगावरचे सोने होते, एवढे तरी स्पष्ट सांगायला हवे.

दागिने एकदाच विकता येतात. मुलांची संख्या तर वाढत होती. मग भाऊरावांनी ठरवले, की मुलांनीच कमवायचे आणि शिकायचे. कमवा आणि शिका ही योजना आज महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. तिची सुरुवात अशी गरजेतून झाली. सकाळी व संध्याकाळी मुले काम करीत. पाणी भरणे, भाजी चिरणे, झाडलोट करणे ही कामे तर होतीच. पण साताऱ्यात धनिणीच्या बागेत बोर्डिंग आल्यावर शेती, विहीर खणणे, दगड फोडणे, भिंती बांधणे अशी कामेही मुलांनी केली. सुटीत ती मजुरीला जात. कामाच्या मोबदल्यात त्यांच्या जेवणाचा आणि शिक्षणाचा खर्च चाले.

काही पालकांना हे आवडत नसे. मुलाला शाळेत पाठवले ते हातातली कुदळ सुटावी म्हणून, आणि हे मास्तर पुन्हा कुदळच देतात, अशी त्यांची तक्रार असे. ही तक्रार अगदीच चुकीची नव्हती. गरिबाच्या मुलाने राबायचे आणि श्रीमंताच्या मुलाने नुसते शिकायचे, हा न्याय कसा? पण भाऊरावांच्या बोर्डिंगमध्ये घरची परिस्थिती बरी असलेला मुलगाही कामातून सुटत नसे. आणि दुसरी गोष्ट अशी, की तेथे मुलांच्या हातात फक्त कुदळ नव्हती; हिशेबाची वहीही होती.

ही वही फार महत्त्वाची आहे. कोठीघर, स्वयंपाकघर, शेत, दुकान अशी कामे मुलांमध्ये वाटून दिलेली असत. कोठीत किती ज्वारी आली, किती गेली, किती उरली हे मुलेच लिहीत. बाजारातून भाजी आणायची, तर भाव तेच करीत. आज मुले ज्याला व्यवस्थापन म्हणून पुस्तकात वाचतात, ते त्यांना चुलीजवळ शिकायला मिळाले. जास्त शिजवले तर वाया जाते, कमी शिजवले तर शेवटच्या पंगतीला कमी पडते. रोज संध्याकाळी डोकी मोजून पीठ काढणाऱ्या मुलाला अंदाज म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

बोर्डिंगच्या मुलांचे एक सहकारी भांडारही होते. भांडार म्हणजे दुकान. ते कसे चालते, हे एका उदाहरणाने समजून घेऊ. आकडे आपण आपल्या सोयीसाठी घेतले आहेत. त्या काळी एका रुपयाचे सोळा आणे आणि एका आण्याचे चार पैसे असत. समजा, शंभर मुलांनी प्रत्येकी एक रुपया भाग म्हणून दिला. शंभर रुपयांचे भांडवल झाले. बाजारात एक वही तीन आण्यांना मिळते. पण एकदम घेतली तर घाऊक व्यापारी ती दोन आण्यांना देतो. शंभर रुपयांत आठशे वह्या आल्या. भांडाराने एक वही दोन आणे एक पैशाला विकली. मुलांचे प्रत्येक वहीमागे तीन पैसे वाचले, आणि भांडाराला आठशे वह्यांमागे साडेबारा रुपये सुटले. माल आणण्याचा खर्च अडीच रुपये वजा केला, तर दहा रुपये नफा उरला. हा नफा कोणा एका शेठजीच्या तिजोरीत जात नाही. तो सभासदांचा असतो.

आता त्यात एक खोच आहे. समजा, भांडारावर बसलेल्या मुलाने दोस्तीखातर पन्नास वह्या उधार दिल्या आणि ते पैसे बुडाले. सुमारे सात रुपये गेले. दहाचे तीनच उरले. उधारी मागायला जायचे तर मैत्री तुटते, न जावे तर दुकान बुडते. वर्गात बसून हा प्रश्न सोपा वाटतो. रोज एकाच पंगतीला जेवणाऱ्या मित्राकडे पैसे मागताना तो किती अवघड असतो, हे ज्याने दुकान चालवले त्यालाच कळते. भाऊरावांना मुलांनी हे अवघडपण शिकायला हवे होते. दुकान दुसऱ्याने चालवून द्यायचे आणि मुलांनी फक्त वही घ्यायची, असे त्यांनी केले नाही.

याच विचारातून पुढे एक पतपेढीही निघाली. १९४० साली लक्ष्मीबाईंच्या नावाने शिक्षणाला उत्तेजन देणारी सहकारी पतपेढी सुरू झाली. शिकून नोकरीला लागलेल्यांनी तिचे भाग घ्यायचे आणि त्या पैशातून मागच्या मुलांना उच्च शिक्षणासाठी कर्ज द्यायचे, अशी ही कल्पना. दान नव्हे, कर्ज. दान घेणारा मान खाली घालतो. कर्ज घेणारा ताठ मानेने घेतो आणि फेडतो. आणि त्याने फेडले तरच पुढच्याला मिळते. या पेढीतूनच पुढे रयत सेवक सहकारी बँक उभी राहिली. ज्या बाईंनी मंगळसूत्र विकून धान्य आणले, त्यांच्या नावाने मुलांना पैसा मिळू लागला.

बोर्डिंगच्या मुलांनी पुढे नाव काढले. पी. जी. पाटील हे त्यांपैकी एक. ते इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन संस्थेत शिकवू लागले आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. संस्थेच्या कामात इस्माईलसाहेब मुल्ला यांचाही मोठा वाटा होता. साताऱ्यातील कायद्याचे महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

खेड्यांत शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत. म्हणून १९३५ साली भाऊरावांनी साताऱ्यात शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज काढले. येथून बाहेर पडलेले शिक्षक डोंगरातल्या लहान लहान गावांत गेले. कोठे देवळात, कोठे चावडीत, कोठे झाडाखाली शाळा भरू लागल्या. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. येथे फी नव्हती. मुले कमवून शिकत. १९४७ साली साताऱ्यातच छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. या कॉलेजची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एक धनिक मोठी देणगी द्यायला तयार झाला, पण कॉलेजला आपले नाव द्यावे अशी त्याची अट होती. संस्थेला पैशाची अत्यंत निकड होती. भाऊरावांनी देणगी नाकारली. एक वेळ आपण आपल्या बापाचे नाव बदलू, पण शिवाजी महाराजांचे नाव काढणार नाही, असे त्यांनी त्या गृहस्थाला सांगितले म्हणतात. इतर शाळांना देणगीदारांची नावे त्यांनी आनंदाने दिली होती. काय विकायचे आणि काय विकायला ठेवायचेच नाही, हे त्यांचे पक्के ठरलेले होते.

१९४८ साली गांधीजींची हत्या झाली. गांधीजींच्या नावाने एकशे एक हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. पण याच सुमारास मुंबई सरकारशी त्यांचे बिनसले आणि सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. शेकडो शाळा, हजारो मुले आणि शिक्षकांना द्यायला पगार नाही, अशी वेळ आली. दुसरा कोणी असता तर त्याने शाळांना कुलपे लावली असती. भाऊराव पुन्हा जुन्या विक्रेत्यासारखे दारोदार निघाले. ज्या गावांत त्यांनी एके काळी नांगर विकले होते, त्या भागातल्या लोकांनी धान्य दिले, पैसे दिले. शिक्षकांनी ओढाताण सोसून शाळा चालू ठेवल्या. शेवटी संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे रदबदली केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. झोळी आणि झाडू घेऊन फिरणाऱ्या त्या संताचे नाव भाऊरावांनी १९५४ साली कऱ्हाडच्या कॉलेजला दिले.

१९५५ साली साताऱ्यात पदवीधर शिक्षकांसाठी महाविद्यालय निघाले. त्याला मौलाना अबुल कलाम आझाद यांच्यावरून आझाद कॉलेज हे नाव मिळाले. मौलाना आझाद तेव्हा देशाचे शिक्षणमंत्री होते. उर्दूचे एवढे मोठे लेखक, त्यांच्या नावाच्या कॉलेजात साताऱ्याच्या डोंगरातली मुले मराठी शाळांचे शिक्षक होण्यासाठी शिकू लागली.

शेवटच्या काळात भाऊराव सतत आजारी असत. पांढरी लांब दाढी, अंगात खादीचे जाड कपडे, असे त्यांचे रूप होते. हृदयविकार बळावला तरी त्यांचे फिरणे थांबत नव्हते. १९५९ च्या जानेवारीत भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. त्याच वर्षी ५ एप्रिल रोजी पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. मॅट्रिक न झालेला तो विद्यार्थी आता डॉक्टर भाऊराव पाटील झाला होता. पदवी मिळाल्यावर महिना-सव्वा महिना झाला असेल. ९ मे १९५९ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्या वेळी संस्थेच्या माध्यमिक शाळांची संख्या शंभराच्या वर गेली होती.

साताऱ्यात त्यांची समाधी आहे. संस्थेची कचेरी आणि वसतिगृहे तेथेच आहेत. गरीब घरची मुले आजही कमवा आणि शिका योजनेत नाव घालतात, बागेत, ग्रंथालयात किंवा कचेरीत ठरलेले तास काम करतात, आणि महिनाअखेर आपल्या तासांचा हिशेब वहीत तपासून पाहतात.